दगडी कापसाची खोली

तोक्यो, ११ मे १९५८

ती. वहिनी,
नमस्कार.

तोक्योला येऊन महिना उलटला आणि आज पत्राला बसतोय. रागावला असाल. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

मुख्य कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खिडकीतून समोरच्या कचेरीची भिंत दिसते. तिकडे आपल्या ओकिनोउराच्या कारखान्यात उभ्याउभ्या, तेलकट हातांनी नकाशे काढायची सवय झालेली. इथे सगळं इतकं स्वच्छ की पेन्सिलीला टोक करतानाही संकोच वाटतो. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला संचालकांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "नळ्यांना गादी शिवणारा तो इंजिनिअर हाच." सगळे हसले. मीही हसलो.

पण त्या गादीनेच मला इथे आणलं हे खरं. इतकी वर्षं जहाजावरच्या वाफेच्या नळ्यांना लेप थापायचा आणि दुरुस्ती निघाली की तो हातोड्याने फोडायचा, अशी पद्धत होती. आता दगडी कापसाची गादी नळीभोवती गुंडाळायची, बटणं लावायची, काम निघालं की उतरवून ठेवायची. जहाज बंदरात चार दिवस कमी थांबतं. सगळ्या गोद्यांतून मागणी येतेय.

शिवणखाना वाढवणार आहेत. तुमचं नाव मी निघतानाच सुचवून ठेवलं होतं. बोलावणं आलं का? दादाचं जहाज बुडाल्याला चौदा वर्षं होतील. तेव्हापासून तुम्ही बंदरावर गार पाण्यात हात घालून कालवं फोडताय. इथे निदान डोक्यावर छप्पर आहे, हात कोरडे राहतील. माझ्या हातून तुमच्यासाठी एवढं तरी झालं याचं मला फार समाधान आहे.

दादाच्या चिगुसासाठी इंग्रजी शब्दकोश पाठवतोय.

तुमचा,
शुनसाकु


ओकिनोउरा, २ जून १९५८

भावोजी, अनेक आशीर्वाद.

रागावलेच होते. पण शब्दकोश बघून चिगुसा अशी काही नाचली, की राग तिथेच सोडून दिला.

काम लागलं. खोलीत आम्ही अकराजणी. कापड पांढरंशुभ्र, आणि आत भरायचा कापूसही तसाच. दगडापासून निघतो म्हणे, त्याला जाणकार लोक ॲस्बेस्टॉस म्हणतात. जळत नाही. फोरमनने काडी लावून दाखवली. तर शेजारच्या मशिनवरची हात्सुए म्हणाली, याचाच एक परकर शिवून घेते, नवरा कितीही तापला तरी चटका लागायचा नाही. फोरमनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी सुटतो तेव्हा आमच्या भुवया-पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, "आल्या पीठवाल्या." चिगुसा माझा एप्रन ओट्यावर झटकते आणि शिंकते. पण हात कोरडे राहतात हे खरं. बोटांच्या भेगा बुजत आल्या. तुमचे उपकार.

आता एक विचारते. कारखान्याच्या मासिकात तुमचा फोटो आलाय, आणि खाली छापलंय की सुट्टीत देवळाच्या पायऱ्यांवर बसला असताना तुम्हाला गादीची कल्पना सुचली. कुठल्या देवळाच्या हो? दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तुम्ही माझ्या शेगडीपाशी मुळ्याचं लोणचं खात बसला होतात. मी यांचा जुना कोट उसवून चिगुसासाठी आत कापूस भरत होते. तुम्ही विचारलंत, अस्तर शिवून का टाकत नाही, बटणं कशाला? मी म्हटलं, धुवायला काढता यावं म्हणून. लोणचं तुमच्या हातातच राहिलं.

कुणाला सांगणार नाही. पण त्या देवळाला माझा नमस्कार सांगा.

तोमिए


तोक्यो, २० नोव्हेंबर १९६६

ती. वहिनी,
नमस्कार.

आधी क्षमा मागतो. गेल्या मंगळवारी ओकिनोउराला येऊन गेलो आणि तुमच्याकडे आलो नाही. परदेशी जहाजमालक बरोबर होते. फाटकात शिरण्यापासून गाडीत बसेपर्यंत सगळं मिनिटांवर बांधलेलं. गाडी तुमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा मी काच खाली केली, एवढंच.

वसंतापासून मी उत्पादनाचा संचालक झालोय. बेचाळिसाव्या वर्षी आजवर कुणी झालं नव्हतं, असं सगळे सांगतात. काम काय, विचाराल तर आता मी नकाशे काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर नावाचा शिक्का मारतो. दिवसाला साठ-सत्तर कागद. पूर्वी नळीला हात लावून वाफ किती तापलीय ते सांगायचो. परवा भट्टीजवळ उभा राहिलो तर तिथला मुकादम म्हणाला, साहेब, कपडे खराब होतील, मागे व्हा. मी मागे झालो.

चिगुसा शिक्षिका झाली हे वाचून आनंद झाला. दादा असता तर गल्लीभर सांगत सुटला असता. हिने तुमच्यासाठी लोकरीचा गळपट्टा विणलाय, तो सोबत आहे.

शुनसाकु


ओकिनोउरा, ४ डिसेंबर १९६६

भावोजी, आशीर्वाद.

गळपट्टा सुरेख आहे. जाऊबाईंना सांगा, रोज घालते.

तुम्ही घरी आला नाहीत, पण आमच्या खोलीत आला होतात. पाहुण्यांना सांगत होतात की इथून महिन्याला अमुक इतक्या गाद्या निघतात. नाकाला रुमाल होता. मी तिसऱ्या मशिनवर होते. तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर थांबलात, माझ्या हातातली गादी उचललीत, टाका बघितलात आणि "छान" म्हणालात. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, पापण्या पांढऱ्या. ओळखणार तरी कसं? हात्सुए मला कोपराने ढोसत होती, हाक मार म्हणून. नाही मारली. पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत कशाला.

नंतर मशिन चालवताना उगाच हसू येत राहिलं. इतक्या वर्षांनी भेटलात आणि माझ्या टाक्याला छान म्हणून गेलात.

तब्येतीचंही सांगते. खोकला आहे, तो हिवाळ्यात आम्हा सगळ्यांनाच असतो. एकीने सुरू केला की दुसरी उचलते. हात्सुए म्हणते, ही आपल्या खोलीची भजनी मंडळी.

तोमिए


तोक्यो, १४ फेब्रुवारी १९७२

ती. वहिनी,
नमस्कार.

हे पत्र वाचून आश्चर्य वाटेल. तरीही मी म्हणतो ते ऐका. तुम्ही काम सोडा. या महिनाअखेरीस सोडा.

तुम्ही बावन्न वर्षांच्या झालात. चिगुसा स्वतःच्या पायावर उभी आहे. तुमचा महिन्याचा खर्च मी बघेन. दादाच्या माघारी ते माझं कामच होतं आणि मी ते केलं नाही. हवं तर इथे या, मागची खोली रिकामी आहे, अंगणात मुळे लावा. काहीही करा, पण त्या खोलीत आता बसू नका.

कारण विचारू नका. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. एवढं ऐका.

शुनसाकु


ओकिनोउरा, ३ मार्च १९७२

भावोजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. कारण विचारू नका म्हणता, पण ते न विचारताच समजलं. तुम्ही आता मोठ्या खुर्चीच्या अगदी जवळ पोचलात, वर्तमानपत्रात नाव येतं. अशा माणसाची वहिनी एप्रन बांधून मशिनवर बसते, हे बरं दिसत नाही. कुणी बोललं असेल. जाऊबाईंच्या माहेरचं कुणी असेल.

भावोजी, मला त्याची लाज नाही. तुम्हाला असली तर ती तुम्ही सांभाळा. हे गेल्यावर कालवं फोडून जगले, आता गाद्या शिवून जगते. पंचावन्नला रीतसर निवृत्त होईन, हार घालून घेईन, आणि माझ्या पेन्शनवर मुळे लावीन. तुमच्या अंगणात नाही.

शिवाय आत्ता मला उठता येणार नाही. हात्सुए जानेवारीत गेली. क्षय होता म्हणाले. शेवटी शेवटी उशीला टेकून बसायची, आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. तिची जागा रिकामी आहे, आणि खोलीची मुख्य आता मी आहे. दोन नव्या मुली आल्यात, त्यांना शिकवायचंय.

मनाला लावून घेऊ नका. पण पुन्हा असं लिहू नका.

तोमिए


तोक्यो, २५ मार्च १९७२

ती. वहिनी,

माझ्या लिहिण्याने तुम्ही दुखावलात, त्याची क्षमा असावी. लाज वगैरे काही नव्हतं. पण तुम्हाला तसं वाटलं असेल तर तो दोष माझ्या लिहिण्याचा.

हात्सुएबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं.

शिवणखान्यासाठी नवी इमारत बांधायचा विचार आहे. त्यात हवा ओढून घेणारे पंखे असतील. तोवर खिडक्या उघड्या ठेवत चला. तोंडाला फडकं ओलं करून बांधा.

संत्र्यांची पेटी पाठवतोय.

शुनसाकु


ओकिनोउरा, ९ ऑक्टोबर १९७६

भावोजी, आशीर्वाद.

चार वर्षं आपण नव्या वर्षाच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही. माझ्याकडूनही राहिलं. आता हात लवकर थकतो, म्हणून हे पत्र तीन दिवस थोडं थोडं लिहितेय. अक्षर बदललेलं दिसेल.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. हार घातला. त्याच आठवड्यात तुमची नवी इमारत उघडली, पंख्यांची. आम्ही जुन्या बायका बघायला गेलो होतो. हवा इतकी स्वच्छ, की मला तिथे खोकायचीच लाज वाटली.

यंदा उन्हाळ्यात शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. क्षय नाही म्हणाले, हात्सुएलाही नव्हता. धूळ आहे. आत बसलीय आणि फुफ्फुस दगड होत चाललंय. आता मी दिवसाचा बराच वेळ नाकाला प्राणवायूची नळी लावून असते. चिगुसा शाळा बदलून माझ्यापाशी राहायला आलीय.

आम्ही सहाजणींनी कामगार कचेरीत अर्ज केला, की हा आजार कामाचा आहे असं लिहून मिळावं. त्यावर कंपनीचं उत्तर आलं. लिहिलंय की या कापसापासून धोका आहे हे त्या काळी कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बायकांच्या खोकल्याला घरच्या कोळशाच्या शेगड्याही कारण असू शकतात. खाली उपाध्यक्ष म्हणून तुमचं नाव आणि शिक्का आहे.

बाकीच्या पाचजणी चिडल्यात. मी त्यांना म्हटलं, थांबा, हा माणूस मी ओळखते, मी विचारते.

तर विचारते. ठाऊक नव्हतं ना? तुम्ही "नव्हतं" एवढं एका ओळीत लिहा. मी विश्वास ठेवीन, आणि त्यांनाही ठेवायला लावीन.

तोमिए


तोक्यो, १ नोव्हेंबर १९७६

ती. वहिनी,

ठाऊक होतं.

ही ओळ लिहायला मला तीन आठवडे लागले. आता पुढचं लिहितो.

१९७१च्या ऑगस्टमध्ये कारखान्याच्या डॉक्टरांनी एक अहवाल पाठवला. चार पानी. तुमच्या खोलीतली धूळ सरकारने घातलेल्या मर्यादेच्या सहापट आहे. अकरापैकी सातजणींच्या फुफ्फुसांवर डाग आहेत. खोली ताबडतोब बंद करावी. नावं होती. हात्सुएबाईंचं पहिलं होतं, तुमचं चौथं.

त्या वेळी चौदा जहाजांचं काम अंगावर होतं. गाद्या थांबल्या की जहाजं थांबणार. मी अहवालाच्या कोपऱ्यात लिहिलं, "नव्या इमारतीच्या वेळी विचार करावा," आणि शिक्का मारला. पाच सेकंदही लागले नसतील. मग कागद खणात ठेवला. मी इंजिनिअर आहे, वहिनी. सहापट म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सहा महिने मला ते चौथं नाव दिसत राहिलं. म्हणून फेब्रुवारीत ते पत्र लिहिलं. तुम्ही त्याचा वेगळाच अर्थ लावलात, आणि खरं सांगतो, तुमचं उत्तर वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगून बघितलं, वहिनींनी ऐकलं नाही, असं स्वतःला सांगता आलं.

अहवालाची प्रत सोबत आहे. कोपऱ्यात माझं अक्षर आहे. ती कामगार कचेरीत द्या. पुढल्या जूनमध्ये मी अध्यक्ष व्हायचं ठरलं होतं. काल राजीनामा दिला. कारण तब्येतीचं लिहा म्हणाले. तसं लिहिलं नाही.

क्षमा मागण्याची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

शुनसाकु


ओकिनोउरा, २२ नोव्हेंबर १९७६

भावोजी,

पत्र आलं तेव्हा पाचहीजणी माझ्या घरीच होत्या. सगळ्यांसमोर फोडलं, कारण मी पैज लावल्यासारखी बसले होते. चिगुसा वाचत होती. पहिली ओळ वाचून ती थांबली. मीच म्हटलं, पुढे वाच.

चहा झाला आणि सगळ्या उठून गेल्या. जाताना एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. भावोजी, तो हात मला फार जड लागला. मी त्यांना सांगितलं होतं, हा माणूस मी ओळखते.

रागाचं कारण सांगते. कागद खणात ठेवलात, त्याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग त्या फेब्रुवारीच्या पत्राचा आहे. तुम्ही मला एकटीला उठवायला निघालात. बाकीच्या सगळ्यांना बसू देणार होतात. मी उठले असते तर कदाचित वाचले असते, पण त्यांच्या तोंडाकडे मला बघता आलं नसतं. तुम्ही त्याला माया समजत असाल.

आता माझं ऐका. १९७१च्या शरदात आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं की ती खोली सोडा. मी ते तुम्हाला लिहिलं नाही. चिगुसालाही सांगितलं नाही. पेन्शनला चार वर्षं होती. वर दोन नव्या मुलींना शेजारी बसवून शिवण शिकवलं. त्यांतली धाकटी आता खोकते. म्हणून तुम्हाला बोलताना माझाही आवाज बसतो.

गादीचंही सांगून टाकते. छातीचा फोटो बघितला तेव्हा आधी मनात आलं, त्या कोटाला मी बटणं लावली नसती तर. चार दिवस घास उतरला नाही. मग वाटलं, पोरीच्या कोटात कापूस भरला त्यात माझं काय चुकलं? मी ते सोडून दिलं. तुम्हीही माझ्यासाठी ते उकरू नका.

कागद अजून कचेरीत दिलेला नाही. तुमचं अक्षर दाखवून जिंकायचं आणि तुम्ही तोक्योत दार लावून बसायचं, हे मला नको. फेब्रुवारीत सुनावणी आहे. या, आणि तोंडाने सांगा. पत्रात सगळ्यांनाच सगळं लिहिता येतं.

तोमिए


तोक्यो, २७ मार्च १९७७

चि. चिगुसा,

तार पोचली. ताबडतोब निघालो होतो. स्टेशनपर्यंत गेलो, तिकीट काढलं, आणि गाडीत चढलो नाही. सुनावणीच्या दिवशी तुझ्या आईने मला भेटायला बोलावलं नव्हतं. ती गेल्यावर, तिने न बोलावता, तिच्या दारात जाऊन उदबत्ती लावायचा मला हक्क आहे का, हे मला ठरवता आलं नाही.

आता तुलाच विचारतो. तिला जाऊन एकोणपन्नास दिवस होतील, त्या दिवशीच्या विधीला येऊ का? तू नको म्हणालीस तरी मला समजेल. इथे आता कुणी येत-जात नाही. जुने सहकारी रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जातात. ते सगळं ठीक आहे.

शेवटी तिला फार त्रास झाला का, एवढं मात्र लिही.

तुझा काका


ओकिनोउरा, ६ एप्रिल १९७७

काका, नमस्कार.

त्रास झाला. खोटं लिहीत नाही. शेवटचे दहा दिवस ती बसूनच होती, मी पाठीला पाठ लावून बसायचे. बोलायला एका वेळी दोन-तीन शब्दांपुरता श्वास मिळायचा. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती.

सुनावणीला तिला येता आलं नाही, म्हणून मी आले होते, हे तुम्ही पाहिलंच. घरी आल्यावर तिने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. आत कसे आलात, कुठे उभे राहिलात, कोट कोणता होता. मी सांगितलं की कंपनीच्या वकिलाने तुम्हाला विचारलं, एवढ्या कागदांतला एखादा न वाचताच शिक्का मारला गेला असेल, नाही का? आणि तुम्ही म्हणालात, "वाचला होता. समजला होता." आईने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग डोळे मिटले. मी विचारलं, काकांना बोलवू का? तिने मान हलवली, नको म्हणून. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्ता नको." पण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेळ कमी निघाला.

कचेरीचा निकाल परवा आला. सहाहीजणींचा आजार कामाचा ठरला. हात्सुएमावशींचं प्रकरणही नव्याने उघडणार आहेत. कागद मी आईच्या फोटोपाशी ठेवलाय. तिला अठरा दिवस आणखी मिळाले असते तर तिने तो हातात घेतला असता.

काका, मी तुमच्यावर रागावलेली आहे. लहानपणी तुम्ही पाठवलेला शब्दकोश मी उशाशी घेऊन झोपायचे, आणि आज तुमचं नाव पाकिटावर बघितलं की पाकीट दिवसभर फोडवत नाही. हे जाईल की नाही, मला माहीत नाही. पण आईने "नको" म्हटलं नव्हतं, "आत्ता नको" म्हटलं होतं. तिच्या बोलण्यातला एकही शब्द मला गाळता येणार नाही. म्हणून या.

मात्र आधी आमच्याकडे येऊ नका. सकाळच्या गाडीने या. पाचजणींची घरं मी मागच्या पानावर लिहून दिलीत. त्यांतली एक आता बोलत नाही, नुसती बघते, तिच्यापाशीही बसा. पायी जा, फार लांब नाहीत. कुणी दार उघडलं नाही तर बाहेरून नमस्कार करा आणि पुढच्या घरी जा. त्या झाल्या की हात्सुएमावशींकडे जा, आणि मग आईकडे या. मी वाट बघेन.

हात्सुएमावशींच्या घरी त्यांचा नवरा एकटाच असतो. बॉयलर खात्यात तीस वर्षं रिव्हेट ठोकून त्यांचे दोन्ही कान गेलेत. त्यांना अजूनही वाटतं की बायको क्षयाने गेली. काय झालं ते त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल, आणि हळू बोलून चालणार नाही. ओरडून सांगावं लागेल.

चिगुसा